डोळे आहेत की बटणं?

"अरे समोर तर आहे, डोळे आहेत की बटणं?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता तुम्ही विचारलंतच, समोर असलेली वस्तू शोधताना दिसत कशी नाही, म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

परवा कात्री शोधत होतो. लाल मुठीची. टेबल उपसलं, ड्रॉवर बघितला, परत टेबल, परत तोच ड्रॉवर. कात्री टेबलावरच होती, फक्त मूठ कागदांच्या गठ्ठ्याखाली गेलेली आणि बाहेर नुसती पाती. मी पाती शोधतच नव्हतो ना, मी लाल रंग शोधत होतो!

डोळा काही अख्खं टेबल एकदम बघत नाही. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढाच भाग एका वेळी नीट स्पष्ट दिसतो, बाकी सगळं धूसर, आणि डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारत फिरतात म्हणून सगळं दिसतंय असं वाटत राहतं. पुढची उडी कुठे मारायची ते बरंचसं डोक्यातलं चित्र ठरवतं. माझं चित्र लाल, मग चकचकीत पात्यावर नजर थांबेल कशाला.

त्यात पुन्हा नजरेची आठवण तोकडी, एका वेळी चारेक वस्तू धरून ठेवल्या तरी खूप. १९९८ मध्ये हॉरोविट्झ आणि वोल्फ या दोन संशोधकांनी एक प्रयोग केला, स्क्रीनवरची अक्षरं सेकंदाला जवळपास नऊदा जागा बदलायची, तरी लोकांच्या शोधण्याचा वेग काही बिघडला नाही. म्हणजे कुठे बघून झालं याची नोंद आपण ठेवतच नाही, असं त्यांचं म्हणणं. ते सगळ्यांना पटलं नाही, पण माझा ड्रॉवर त्यांच्याच बाजूने आहे.

आणि हे फक्त माझ्यासारख्या वेंधळ्यांचं नाही हं. २०१३ च्या एका अभ्यासात २४ रेडिओलॉजिस्टना, म्हणजे स्कॅन तपासणाऱ्या डॉक्टरांना, फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं आणि गुपचूप एका कोपऱ्यात गोरिलाचं चित्र घातलं, गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना दिसलाच नाही, त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांची नजर थेट त्याच्यावर जाऊनसुद्धा! ते गाठ शोधत होते, गोरिला नाही.

तर पुढच्या वेळी "समोर आहे" म्हणून ओरडू नका, "मूठ झाकली गेलीय" एवढं सांगा, लगेच सापडेल. बहिणीला मात्र ती कात्री दारातूनच दिसली. दिसणारच, ठेवली तिनेच होती.