आमची वाटचाल : तिसऱ्या सेलचा हिशेब

आम्ही रेडिओ-कंट्रोल मॉडेलांचे चार्जर दुरुस्त करतो, बाकी काही नाही. सुरुवात दोघांच्या भागीदारीत झाली. सामान म्हणाल तर एक सोल्डरिंग स्टेशन, एक मल्टिमीटर आणि गाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॅटचा दिवा. तो दिवा अजून बाकावर आहे. बंद पडलेला चार्जर थेट सप्लायला लावायचाच नाही, दिवा सिरीजमध्ये, म्हणजे सप्लाय आणि चार्जरच्या मधे, घालायचा. क्षणभर चमकून मंदावला तर पुढे जा. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बहुधा इनपुटकडचा मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), आणि मॉस्फेट सहसा एकटा मरत नाही. त्याच्या गेटचा (हुकूम घेणाऱ्या पायाचा) रेझिस्टर आणि त्याला हुकूम देणारा ड्रायव्हर न तपासता नवा बसवलात तर तोही पहिल्याच झटक्यात जाईल.

पहिली काही वर्षं नीट गेली. मग दुरुस्तीत वापरायच्या रेझिस्टरची ती रीळ आली.

तीन सेलच्या बॅटरी पॅकमध्ये बरेच चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजत नाहीत, हे धंद्यातल्यांना सांगायला नको. बॅलन्स लीडच्या (सेलच्या जोडांपासून निघणाऱ्या बारीक तारांच्या जुडग्याच्या) चार तारांपैकी काळी शून्य धरून बाकीच्या मोजायच्या : 4.20, 8.40, 12.60. मग वजाबाकी. यातल्या 12.60 ला मोजण्याजोगं खाली आणणाऱ्या रेझिस्टरच्या जोडीत चूक झाली की ती सगळी वरच्या, म्हणजे तिसऱ्या, सेलच्या माथी. 12.60 मध्ये एक टक्का म्हणजे सव्वाशे मिलिव्होल्ट. आमच्याकडे येणारे बरेच चार्जर कधी थांबायचं ते सेलच्या आकड्यांवरूनच ठरवत. पडद्यावर तिन्ही सेल 4.20, आणि तिसरा खरा 4.33! लिपोचा (लिथियम-पॉलिमर बॅटरीचा) सेल 4.20 च्या वर असा रोज भरला तर फुगणारच.

रिळीवर चुकीची मर्यादा एक टक्का छापली होती, आत पाच टक्क्यांचा माल. पुरवठादाराने परत घेतला नाही. पण खरं बोलायचं तर रेझिस्टर बदलल्यावर कॅलिब्रेशन (चार्जरचे आकडे खऱ्या व्होल्टेजशी जुळवणं) न करता चार्जर दिले, हा गुन्हा आमचाच. फुगलेले पॅक परत येऊ लागले. त्याच महिन्यात भागीदाराने वेगळं दुकान मांडलं आणि आमचा तपासणीचा तक्ता जसाच्या तसा स्वतःच्या भिंतीवर लावला, आमची खाडाखोडसुद्धा.

दोष सापडला तो ग्लायडर उडवणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकामुळे. त्याने भांडण केलं नाही. दर चार्जिंगनंतर प्रत्येक सेल मल्टिमीटरने मोजून वहीत लिहिला होता. चौदा ओळी, आणि चौदाही वेळा तिसराच सेल वर. पॅक बिघडला असता तर चूक पॅकसोबत फिरली असती. दुसऱ्या पॅकलाही तिसराच सेल, म्हणजे चार्जर.

त्यानंतर आम्ही ‘नकली पॅक’ बनवला. 100 ओहमचे अर्ध्या वॅटचे तीन रेझिस्टर ओळीने, दोन टोकांना बाकावरचा सप्लाय 12.60 वर, आणि चार तारा बॅलन्स सॉकेटला. चार्जिंग सुरू करायचं नाही, नुसते सेलचे आकडे बघायचे. प्रत्येक तारेवर मल्टिमीटर लावून ताडून बघा. 10 मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर आधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, कारण सोल्डरिंगनंतर उरलेल्या फ्लक्सचा (चिकट रसायनाचा) थर करंट गळवतो आणि आकडा हलवतो. मगच रेझिस्टरवर संशय घ्या. बदलायचेच तर 0.1 टक्क्याचे, आणि बदलल्यावर कॅलिब्रेशन.

निम्मे चार्जर मात्र बिघडलेलेच नसतात. ‘इनपुट कमी’ दाखवलं की लोक उघडून बसतात. भार असताना चार्जरच्याच टोकांवर व्होल्टेज मोजा. सप्लायवर 12 आणि इथे 10.8 असेल तर दोष तारेत किंवा ढिल्या प्लगमध्ये. 50 वॅटच्या चार्जरला 12 व्होल्ट 5 अँपिअरचा सप्लाय हवाच. ‘जोडणी तुटली’ आलं तर एक्सटी60 (पॅकचा मुख्य प्लग) चा सोल्डर पुन्हा वितळवून बघा. एकच सेल शून्य दिसला तर बॅलन्स सॉकेटची वाकलेली पिन.

आणि हो, चार्जिंगच्या तारेचे बनाना प्लग आधी चार्जरमध्ये, मग दुसऱ्या टोकाला पॅक. उलटं केलंत तर उघडी टोकं एकमेकांना चिकटून पॅक शॉर्ट होऊ शकतो. कोणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

त्या गिऱ्हाइकाचा चार्जर अजून तोच आहे. पंखा दोनदा बदललाय. मागच्या खेपेला नकली पॅकवर त्याचा तिसरा सेल 4.198 आला. त्याने वही काढून तोही आकडा लिहिला.