पाच फायली, एकच निष्कर्ष

एम.ए.च्या प्रकल्पांची तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरून परीक्षक जातो, तेव्हा त्याने फायली आधी वाचलेल्या असतात असा सगळ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात त्या बहुतेक वेळा त्याच सकाळी टेबलावर येतात. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, अप्पा बळवंत चौकातलं बाइंडिंग. पोहे-चहा येईपर्यंत जेवढं वाचून होईल तेवढं. म्हणून मी प्रस्तावनेला हातच लावत नाही. आधी संदर्भसूची, मग निष्कर्ष, मग मधलं कुठलंही एक पान. मूल कुठे स्वतः चाललंय आणि कुठे त्याला कुणी उचलून नेलंय, हे एवढ्यावर कळतं.

नगर रस्त्यावरच्या त्या महाविद्यालयात पाच विद्यार्थी होते आणि विषय एकच: डिस्टोपियन, म्हणजे दडपशाहीचं भयाण जग रंगवणाऱ्या, कादंबरीतली मुक्त इच्छा आणि बंड. पुस्तकं मात्र वेगळी. ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’, हक्सलीची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’, झाम्यातिनची ‘वी’, अ‍ॅटवुडची ‘द हँडमेड्स टेल’ आणि ब्रॅडबरीची ‘फॅरनहाइट ४५१’. पाचही फायलींचा शेवटचा परिच्छेद शब्दशः सारखा निघाला. व्यवस्था कितीही क्रूर असली तरी शेवटी व्यक्तीच्या मुक्त इच्छेचाच विजय होतो, असा त्याचा सूर.

मला राग आला तो नकलेचा कमी, त्या वाक्याचा जास्त. कुणाचा विजय होतो? ऑर्वेलचा विन्स्टन स्मिथ ज्या हुकूमशहाविरुद्ध उभा राहतो, त्याच बिग ब्रदरवर शेवटी प्रेम करू लागतो. हक्सलीचा जॉन गळफास घेतो. ‘वी’मधल्या डी-५०३ची कल्पनाशक्ती शस्त्रक्रियेने काढून टाकतात, आणि जिच्यासाठी तो वाकड्या वाटेला गेला त्या आय-३३०चा छळ तो शांतपणे बघत बसतो. ही पुस्तकं लिहिणाऱ्यांनी वाचकाला दिलासा मुद्दाम नाकारलाय. तो परस्पर देऊन टाकणं म्हणजे पुस्तक न वाचण्यापेक्षा वाईट.

अंतर्गत परीक्षक म्हणजे या पाचही जणांचे मार्गदर्शक सर माझ्या शेजारीच बसले होते. मी परिच्छेद दाखवला तर म्हणाले, “मॅडम, फॉरमॅट एक ठेवला की बरं पडतं.” सर तासिका तत्त्वावर होते. दरवर्षी नव्याने मुलाखत, नवी नेमणूक, हाताखाली झेपणार नाहीत इतके प्रकल्प. निकालात कुणी अडकलं तर पुढच्या जूनमध्ये आपल्याला बोलावतील का, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. आपण शिक्षकांना असं टांगून ठेवतो आणि मग त्यांच्याकडून निर्भय विद्यार्थ्यांची अपेक्षा करतो.

तोंडी परीक्षा इंग्रजीत घ्यायची असते. पाठ केलेलं इंग्रजी संपलं की मी मराठीत विचारते. खरी परीक्षा तिथून सुरू होते. माझे प्रश्न मी वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. विन्स्टनच्या शेजाऱ्याला, पार्सन्सला, कुणी पकडून दिलं? (त्याच्याच सात वर्षांच्या मुलीने, आणि त्याला तिचं कौतुक वाटतं. सारांशाच्या गाइडात हे सहसा नसतं.) ब्रॅडबरीच्या कादंबरीत अग्निशामक पुस्तकं जाळतात. माँटाग त्यांतलाच एक, आणि क्लॅरिस त्याला विचारात पाडणारी शेजारची मुलगी. ब्रॅडबरीसाठी माझा प्रश्न या क्लॅरिसचा. कादंबरीत ती लवकरच नाहीशी होते, गाडीखाली गेली असं कानावर येतं. त्रुफोच्या १९६६च्या चित्रपटात मात्र ती जिवंत राहते आणि पुस्तकं तोंडपाठ करणाऱ्या माणसांत माँटागला पुन्हा भेटते. माणसांचा माग काढणारा यांत्रिक कुत्रा कादंबरीत आहे, चित्रपटात नाही. दोन प्रश्नांत कळतं की समोरच्याने वाचलंय, पाहिलंय की दोन्ही नाही. पुस्तक आणि पडदा असे शेजारी ठेवून बघायची सवय मला फिल्म अर्काइव्हच्या रसास्वाद वर्गाने लावली.

ब्रॅडबरीवाला मुलगा शेवटी आला. क्लॅरिसचं बरोबर सांगितलं, कुत्र्याचंही. माँटाग सापडत नाही म्हणून सरकार रस्त्यावरून चाललेल्या भलत्याच माणसाला पकडून टीव्हीवर मारतं, हेही त्याने आपणहून सांगितलं. मग मी फाइल उलटी केली.

“हा निष्कर्ष तुझा आहे?”

त्याने सरांकडे पाहिलं नाही. “नाही, मॅडम.”

“तुझा काय होता?”

“माँटाग मोकळा होत नाही, असा. तो फक्त गट बदलतो. आधी अग्निशामकांत होता, मग पुस्तकवाल्यांत जातो. तिथेही त्यांचा म्होरक्या ग्रेंजर सांगतो की आपण महत्त्वाचे नाही, डोक्यातलं पुस्तक महत्त्वाचं. पण हा गट त्याला मारत नाही, जवळ बसवून घेतो. एकट्याने बंड होत नाही, मॅडम. कुठेतरी आपलं म्हणणारं कुणी लागतंच.”

“मग हे फाइलमध्ये का नाही?”

“सारखं ठेवायचं ठरलं होतं.”

“कुणी ठरवलं?”

“ते मी सांगणार नाही.”

सर टेबलाकडे बघत राहिले. नियमाप्रमाणे लेखी अहवाल देऊन पाचही प्रकल्प अडवता आले असते. मग संध्याकाळपर्यंत साऱ्या महाविद्यालयाला कळलं असतं की कुणाच्या तोंडून निघालं. मी सरांना म्हटलं, गुणपत्रिकेवर आत्ता सही करत नाही. पाचही जणांना पुन्हा आत बोलावलं, फोन बाहेर ठेवायला लावले, पुस्तकं हवी तर जवळ ठेवा म्हटलं. प्रत्येकाने एका पानावर निष्कर्ष हाताने लिहायचा. गुण भरायचं पोर्टल आजच बंद होतंय म्हणून सर कासावीस झाले. होऊ दे म्हटलं.

ऑर्वेलवाली मुलगी तोंडी परीक्षेत जवळजवळ गप्प होती. तिने लिहिलं होतं की विन्स्टन आधी स्वातंत्र्य शोधत नाही, सोबत शोधतो. सत्ताधारी पक्षातल्या ओब्रायनच्या एका नजरेवर विसंबून तो त्याच्या दारात जातो, आणि पक्ष त्याला पकडतो तो त्याच भुकेला धरून. हे वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसले. ‘वी’वालीने काचेच्या घरांवर लिहिलं होतं, जिथे पडदा पाडायलाही गुलाबी तिकीट लागतं. हक्सलीवाल्याने बर्नार्ड या पात्राबद्दल चारच ओळी लिहिल्या, पण नेमक्या: जो व्यवस्थेवर सर्वांत जास्त बोलतो, तोच हद्दपारीचं नाव निघताच गयावया करतो. अ‍ॅटवुडवाल्याने पुस्तक उघडलंच नव्हतं, ते तसंच दिसलं.

ब्रॅडबरीवाल्याचं पान सर्वांत शेवटी उचललं. त्यावर तोच जुना परिच्छेद होता. मुक्त इच्छेच्या विजयाचा. स्वल्पविरामासकट, आठवणीतून, आणि खाली सही.

मी त्याला थांबवून घेतलं. “मघाशी मला जे सांगितलंस ते?”

“ते खरंच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. पण बाकीचे हेच लिहितील असं वाटलं. मी एकट्यानेच वेगळं लिहिलं असतं, तर ते चौघं खोटे ठरले असते.”

बाकीच्यांनी काय लिहिलंय हे मी त्याला सांगू शकत नव्हते. तेवढी गोपनीयता पाळावीच लागते. तो नमस्कार करून गेला.

सही करताना सर म्हणाले, “घाबरला पोरगा.” मला ते अजिबात पटलं नाही. घाबरला असता तर मार्गदर्शकासमोर ‘नाही’ म्हणाला नसता. पण मग त्याने जे केलं ती मुक्त इच्छा होती का? कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघत नव्हतं, कोरं पान समोर होतं, आणि त्याने समजून-उमजून स्वतःचं मत बाजूला ठेवलं. विन्स्टनला मोडावं लागलं होतं. याला कुणी हातही लावला नव्हता. मैत्रीखातर केलं म्हणून मी ते मोठं मानायचं, की इतकं सहज जमलं म्हणून धसका घ्यायचा?

तोंडी परीक्षेत मी त्याला पाचांत सर्वाधिक गुण दिले. लेखीत त्या पानाचे कापले, कारण पान खोटं होतं आणि ते खोटं आहे हे त्याला माहीत होतं. दोन्ही आकडे मला आजही बरोबर वाटतात. तरी त्याला न्याय झाला असं मला म्हणवत नाही.