आमची वाटचाल : दादरच्या छताला टांगलेली घंटा

सुरुवातीला आम्ही कुर्ल्याच्या गाळ्यातून प्रोजेक्टर भाड्याने द्यायचो. आम्ही म्हणजे मी आणि धाकटा भाऊ. लग्नाचा हॉल, शाळेचं स्नेहसंमेलन, औषध कंपनीने बोलावलेल्या डॉक्टरांची मीटिंग. मशीन टेबलावर ठेवायचं, पुढचा पाय फिरवून तोंड वर करायचं, चित्र वरच्या बाजूला फाकलं की कीस्टोनचं बटण दाबून चौकोनी करून घ्यायचं आणि रात्री सगळं गुंडाळून घरी. त्यात डोकं चालवायला लागायचं नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्या गाळ्यात छातीएवढं पाणी होतं. तीनपैकी दोन मशीनं गेली. विमा नव्हता. नवी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून लोकांनी विकत घेतलेली मशीनं छताला बसवून द्यायची कामं धरली. त्याला भांडवल म्हणजे हॅमर ड्रिल, शिडी आणि दोघांचे हात. लॅमिंग्टन रोडचे एक-दोन दुकानदार ओळखीचे होते. ते मशीन विकायचे आणि गिऱ्हाइकाला आमचा नंबर द्यायचे. धंदा बदलला, सवय मात्र टेबलावरचीच राहिली: आधी लावू, मग बघू.

ती सवय दादरला महागात पडली.

जुनी इमारत, छत बरोबर दहा फूट, म्हणजे १२० इंच. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी हौसेने १०० इंची पडदा आणि लेन्स शिफ्ट असलेलं, म्हणजे मशीन न हलवता चित्र वर-खाली सरकवता येणारं मशीन आणलेलं. काकूंची एकच अट होती, मशीन छताला चिकटून हवं, मध्ये लोंबायला नको. मी माहितीपत्रक वाचलं : उभा शिफ्ट ६० टक्के. १०० इंची पडदा म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत १०० इंच, चित्र सुमारे ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच. ४९ चे ६० टक्के २९ इंच. पडद्याची वरची कड जमिनीपासून ८१ इंचांवर होती. सहा इंची ब्रॅकेट लावला की लेन्स ११० वर येत होती. ८१ अधिक २९ बरोबर ११०. मी म्हटलं, हा हिशेब तर देवानेच जुळवून आणलाय. स्लॅबला चार भोकं पाडली, अँकर बोल्ट ठोकले, मशीन उलटं टांगलं.

चालू केलं तर अर्धं चित्र पडद्यावर, अर्धं वरच्या भिंतीवर. शिफ्टचं चाक शेवटाला जाऊन अडलेलं.

चूक अशी होती की ते ६० टक्के पडद्याच्या वरच्या कडेपासून मोजायचे नसतात, चित्राच्या मध्यापासून मोजायचे असतात. त्यातले ५० टक्के लेन्स मध्यापासून कडेपर्यंत नेण्यातच खर्च होतात. कडेच्या वर उरतात फक्त १०, म्हणजे पाचेक इंच. लेन्स फार तर ८६ वर चालली असती आणि मी ती ११० वर नेऊन ठेवली होती. दोन फुटांचा फरक.

मग मी जुनं शस्त्र काढलं. मशीनचं तोंड खाली झुकवलं आणि कीस्टोन मारला. चित्र पडद्यात बसलं. काका दोन मिनिटं बातम्या बघत राहिले आणि म्हणाले, "अहो, खालची पट्टी वाचता येत नाहीये." बरोबरच होतं. लेन्स शिफ्टमध्ये लेन्स मशीनच्या आत चित्र घडवणाऱ्या पॅनेलसमोर जागच्या जागी सरकते. चौकोन चौकोनच राहतो आणि १९२० बाय १०८० मधला एकही ठिपका वाया जात नाही. कीस्टोन म्हणजे चित्र आतल्या आत उलट बाजूने चेपून लहान करणं. त्यात ठिपके कमी होतात, बारीक अक्षरं फुटतात, आणि उरलेल्या भागाचा काळपट उजेड पडद्याबाहेर दिसत राहतो तो वेगळाच.

दोन फुटी पाइप स्वखर्चाने आणला. तो लावल्यावर काकू खुर्चीत बसून वर बघत म्हणाल्या, "देवळातली घंटा टांगलीत होय!" त्यात शेजारचा पंखा पाचवर केला की पाइप थरथरायचा आणि चित्रातली माणसं थंडी भरल्यासारखी हलायची. तारेने दोन बाजूंनी ताण दिला तेव्हा थांबलं. मजुरी मागायचं तोंड उरलं नव्हतं.

त्यानंतर ड्रिल पिशवीबाहेर काढण्याआधी आम्ही एक भागाकार करायला लागलो. लेन्स किती उंचीवर येणार त्यातून पडद्याच्या मध्याची उंची वजा करायची आणि उत्तराला चित्राच्या उंचीने भागायचं. काकांच्या घरी मध्य साडेछप्पन्नवर होता. ११० वजा साडेछप्पन्न म्हणजे साडेत्रेपन्न, भागिले ४९, म्हणजे १०९ टक्के. घरगुती मशीनात ९६ टक्के उभा शिफ्ट मिळाला तरी भरपूर म्हणायचा. म्हणजे काकूंची अट पाळणं तिथे मुळातच शक्य नव्हतं, आणि हे मला कागदावर दोन मिनिटांत कळलं असतं.

दुसरी सवय गवंड्याकडून उचलली : ओळंबा आणि लाइनदोरी. लेन्सच्या जागी भाऊ शिडीवर दोरीचं टोक धरून उभा राहतो, मी दुसरं टोक पडद्याच्या चारही कोपऱ्यांना लावत जातो. दोरी पंख्याच्या पात्याला किंवा बीमला शिवली की उजेडही तिथेच अडणार. गिरगावात एका क्लासच्या खोलीत दीड फुटी बीम असा दोरीनेच पकडला. तिथलं मशीन स्वस्तातलं, शिफ्ट नसलेलं होतं. छताला टांगलेल्या अशा मशीनचं चित्र लेन्सच्या खाली ठरलेल्या अंतरावरच पडतं, म्हणून लेन्सची उंची पडदा ठरवतो, छत नाही. त्या क्लासमध्ये शेवटी पडदाच खाली घेतला.

मध्ये २ एप्रिल २०११ येऊन गेला. पुरातून वाचलेलं भाड्याचं मशीन एका सोसायटीच्या गच्चीवर विटांवर ठेवलं होतं, तोंड वर, कीस्टोन पूर्ण. धोनीने षटकार मारला तेव्हा चित्राला कुणीही नावं ठेवली नाहीत. भाड्याच्या कामाची मजा तिथेच संपली, पुढे फक्त फिटिंगच केलं.

हल्ली कामं टॉवरमध्ये असतात आणि भांडण छताशीच असतं. काही ठिकाणी स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतात, बिल्डरच्या नकाशाशिवाय तिथे ड्रिल लावायचंच नाही. पीओपीवाला आमच्या आधी येऊन गेलेला असतो आणि त्याने वायरचा बॉक्स स्वतःच्या सोयीने सोडलेला असतो. गोरेगावला असाच एक बॉक्स मध्यापासून १४ इंच डावीकडे होता. ८७ इंच रुंदीचे १६ टक्के, आडवा शिफ्ट सहज पुरला. पण आडवा वापरला की उभा कमी होतो. दोन्ही टोकांना एकाच वेळी नेता येत नाही, हे माहितीपत्रकात बारीक आकृतीत असतं आणि आकडा मात्र मोठ्या अक्षरात. आम्ही कुठलाही शिफ्ट पूर्ण खर्चत नाही. पडदेवाला एखादा इंच इकडेतिकडे करतोच. आणि मशीन पडद्याला समांतर, लेव्हलमध्येच हवं. तिरकं बसवलेलं मशीन शिफ्टने सरळ होत नाही. मोजणीच्या फेरीचे आता आम्ही वेगळे पैसे घेतो. काही गिऱ्हाइकं त्यावरूनच फोन ठेवतात. ठेवू देत.

गेल्या दिवाळीआधी दादरच्या काकांचा फोन आला. मुलाने ९६ टक्केवालं मशीन घेऊन दिलं होतं. आम्ही दोरी, कागद, भागाकार सगळं केलं. लेन्स १०१ वर आली, म्हणजे ९१ टक्के, पाच हाताशी राखलेले. पाइपाचा सव्वा फूट तुकडा कापला.

काका म्हणाले, "एवढा खर्च करून पंधरा इंच?"

काकूंनी चहाचे कप ठेवले, वर पाहिलं. "घंटा लहान केलीत, बरं झालं. आता जरा घरातली वाटते."