दोन रुपयांची पंगत : पुणे विमानतळाच्या लाउंजमध्ये आप्पांसोबत

नणंदेच्या मुलीचं लग्न नागपूरला, तेही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. नवरा सामान घेऊन चार दिवस आधीच रेल्वेने गेलेला. त्यामुळे आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विमानाने घेऊन यायची कामगिरी माझ्यावर. वय ७९, गुडघे बोलतात, बाकी माणूस तल्लख. खडकीच्या कारखान्यात उभी हयात हिशेब ठेवण्यात गेली, त्यामुळे फुकट म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "भरतं कोण?"

विमान संध्याकाळी ७.०५ चं. आप्पांच्या हिशेबाने एस.टी.ला तासभर आधी जायचं, तर विमानाला तीन तास. कोथरूडहून साडेतीनला टॅक्सी काढली आणि येरवड्याच्या गर्दीत सापडून पावणेपाचला लोहगावला टेकलो. सामान कमी असेल आणि पाय चांगले असतील, तर वनाझहून मेट्रोने रामवाडीला उतरून पुढे रिक्षा हा मार्ग मला जास्त पटतो. निदान रामवाडीपर्यंत वेळेचा भरवसा तरी असतो. पहाटेच्या विमानाला मात्र त्याचा उपयोग नाही, मेट्रो सकाळी सहाला सुरू होते.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागितली होती. वयस्कर माणूस सोबत असेल तर एवढं एक कराच. "आम्हाला काय धाड भरलीये" असं आप्पाही म्हणाले. पण लांबलचक टर्मिनल बघून दोन मिनिटांत खुर्चीत बसले. हे नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये प्रवाशांसाठी खुलं झालं. जुन्याच्या मानाने ऐसपैस आहे, म्हणजे चालणंही तेवढंच वाढलं. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाला आधीच सांगा की लाउंजला, म्हणजे आरामात बसायची आणि खाण्यापिण्याची सोय असलेल्या दालनात, जायचंय, नाहीतर तो थेट गेटवर नेऊन सोडतो आणि मग परत उलटं यायला कुणी हाताशी नसतं. किती वाजता न्यायला येणार हेही त्याच्याकडून ठरवून घ्या.

बॅगेचं एक प्रकरण झालं. रुखवतासाठी दिलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आप्पांनी गुपचूप मोठ्या बॅगेत घातल्या होत्या. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या पदार्थांत धरतात. काउंटरवर बॅग उघडली, खोबरं बाहेर आलं, आणि अर्धा किलो खोबऱ्याचा भाव आप्पांनी काउंटरवरच्या मुलीला सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला. लग्नाला जाणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

सुरक्षा तपासणी आटोपून सव्वापाचला आत आलो तर फलकावर आमचं विमान ८.५० चं झालेलं. दिल्लीत धुकं, तिथून येणारं विमान लेट, आणि तेच पुढे नागपूरला जाणार. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचं आकाश लख्ख असलं तरी वेळापत्रकाला दिल्लीची सर्दी होतेच. तेव्हा लाउंजचा विचार माझ्या मनात पक्का झाला. साडेतीन तास लोखंडी खुर्चीवर आप्पांची पाठ टिकली नसती.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. विमान कंपनीचा लाउंज म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं, तसा कंपनीचा स्वतःचा लाउंज दिल्लीसारख्या मोठ्या ठिकाणी असतो. पुण्यासारख्या विमानतळावर लाउंज सामायिक असतो. चालवणारा ठेकेदार वेगळाच. कंपन्या आपल्या बिझनेस क्लासच्या प्रवाशांना तिथे पाठवतात, आणि उरलेले आपण सगळे बँकेचं कार्ड घेऊन दारात उभे. त्यामुळे तुमचं तिकीट कुठल्या कंपनीचं आहे यापेक्षा पाकिटात कुठलं कार्ड आहे हा प्रश्न महत्त्वाचा. सुरक्षा तपासणीच्या पलीकडे असल्यामुळे बोर्डिंग पास लागतो, आणि पोचवायला आलेल्या मंडळींना तिथे प्रवेश नाही.

दारात रांग होती. पंचवीस-तीस माणसं, सगळ्यांच्या हातात कार्डं, लग्नात आहेराची पाकिटं धरतात तशी. धुक्याने जेवढी विमानं अडकवली तेवढ्यांचे प्रवासी इथे. वीस मिनिटांनी नंबर आला. मी ऐटीत माझं क्रेडिट कार्ड पुढे केलं. यंत्राने नकार दिला. पुन्हा केलं, पुन्हा नकार. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मागच्या तिमाहीचा खर्च बसत नसेल."

हे नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. पूर्वी कार्ड असलं की प्रवेश असायचा. २०२३-२४ पासून एकेका बँकेने अट घातली : आधीच्या तिमाहीत ठरावीक रक्कम कार्डावर खर्च केलेली असेल तरच पुढच्या तिमाहीत लाउंज. आयसीआयसीआयने एप्रिल २०२४ पासून बऱ्याच कार्डांवर ३५ हजारांची अट आणली होती, इतरांचे आकडे वेगळे, आणि ते बदलतही राहतात. माझ्या बँकेचीही अशीच काहीतरी अट, जी मी वाचली नव्हती. लग्नासाठी पैठणी, दागिने, आहेर असा दणदणीत खर्च मी त्याच कार्डावर केला होता, पण नोव्हेंबरात. तो धरणार जानेवारीपासून. डिसेंबरच्या प्रवासाला जुलै ते सप्टेंबरचा खर्च बघतात, आणि तेव्हा मी काय घेतलं होतं तर एक मिक्सर. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये लाउंजची पात्रता बघा, आणि यादीत तुमच्या विमानतळाचं आणि टर्मिनलचं नाव आहे ना तेही बघा. कार्ड तेच, लाउंज दुसरा, असं होतं.

मी ओशाळून बाजूला होणार, तेवढ्यात आप्पांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पेन्शनच्या खात्याचं रुपे प्लॅटिनम डेबिट कार्ड काढलं. "हे चालतं का बघ रे." मुलाने यंत्रात घातलं, आप्पांनी तळहाताआड पिन दाबला, आणि चिठ्ठी बाहेर आली. दोन रुपये! कार्ड चालू आहे की नाही याची खातरजमा करायला तेवढे कापून घेतात. ह्या कार्डावर तिमाहीला एकदा लाउंज मिळतो हे आप्पांना ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, आणि ज्या बँकेत ते दर महिन्याला पासबुक भरायला जातात तिथेही कुणी कधी बोललं नव्हतं. घरातल्या ज्येष्ठांची डेबिट कार्डं एकदा काढून बघाच. फक्त दोन गोष्टी : कार्डधारक स्वतः हजर पाहिजे, आणि पिन पाठ पाहिजे. कार्डावर चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलेला नको. (आमच्या घरी हे होऊन गेलं आहे.)

प्रश्न माझा राहिला. एका कार्डावर एकच माणूस. आप्पा म्हणाले, "तू बाहेर आणि मी आत पंगतीला? नको, चल गेटवर." मी त्यांना काही न सांगता पूर्ण दर भरला आणि पावती पर्सच्या तळाशी ढकलली. किती, ते इथेही लिहीत नाही. कोथरूडात दोघांचं जेवण होऊन आइस्क्रीमही झालं असतं एवढं समजा. एकटी असते तर भरले नसते. तास-दीड तासासाठी कुणीच भरू नयेत. चहा-वडापावापुरती भूक असेल तर आधी उडान यात्री कॅफेचा फलक कुठे दिसतो का ते बघा. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या या सरकारी योजनेत चहा १० रुपयांना आणि समोसा २० ला ठेवला आहे. पण सोबत म्हातारं माणूस आणि पुढ्यात साडेतीन तास असतील, तर आपण जेवणाचे नाही, टेकायच्या खुर्चीचे पैसे भरतो.

आत गेल्यावर आप्पांनी सभोवार पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हे तर मंगल कार्यालय!" खरंच तसंच होतं. बसलेल्यांच्या खुर्च्यांमागे पुढची पंगत उभी. कुणाचा शेवटचा घास कधी होतो यावर सगळ्यांचं लक्ष. एका गृहस्थांनी चार खुर्च्यांवर चार वस्तू ठेवल्या होत्या : जॅकेट, पुस्तक, चार्जर आणि चष्म्याचं घर. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकणारी आपली पिढी, तिला हे नवीन नाही. आप्पांनी चष्म्याचं घर उचलून "हे आपलं?" एवढंच विचारलं आणि बसले.

जेवण बरं होतं. टोमॅटो सूप, जिरा राइस, डाळ, छोले, पनीरची भाजी, पास्ता, केकचे चौकोनी तुकडे. आप्पांचा शेरा : "ही दाल आहे, वरण नाही." छोले गरम होते, राइस गार. सात वाजता पोळ्या संपल्या आणि पुढची खेप वीस मिनिटांनी आली, म्हणून पोळी दिसली की आधी पोळी घ्या, सूप कुठे जात नाही. चहा यंत्राचा, गोड आणि बाकी काही नाही. केकचा एक तुकडा आप्पा कागदी रुमालात बांधायला लागले तेव्हा वाढपी मुलाने हात जोडून सांगितलं, "आजोबा, बाहेर नेता येत नाही." आप्पांनी तिथेच खाऊन टाकला. मधुमेह आहे, पण दोन रुपये भरलेले.

मला सगळ्यात मोलाच्या वाटल्या त्या दोनच गोष्टी : पाठ टेकता येईल अशी मऊ खुर्ची आणि जवळ स्वच्छतागृह. सगळ्या लाउंजमध्ये आत स्वच्छतागृह असतंच असं नाही, शिरताना विचारून घ्या. खुर्ची निवडताना प्लग चालू आहे ना तेही बघा. माझ्या खुर्चीजवळचे दोन्ही मेले होते.

साडेसहाच्या सुमारास बाहेर असा काही आवाज झाला की बोलणं थांबलं. सुखोई. आप्पांचा चेहरा उजळला. लोहगावचा हवाई दलाचा तळ १९३९ चा, सुखोई-३० एमकेआय ही लढाऊ विमानं पहिल्यांदा २००२ मध्ये इथेच दाखल झाली, हे त्यांनी शेजारच्या बंगळुरूच्या मुलाला हिंदीत समजावलं. "धावपट्टी उनकी है, हम किराएदार है." खोटं नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात धावपट्टीच्या कामासाठी चौदा दिवस पुण्याची सगळी प्रवासी विमानं बंद होती. वेगळा विमानतळ आधी चाकणला होणार होता, २०१६ पासून पुरंदरला होणार आहे. आप्पा म्हणतात, त्याच्या लाउंजला माझा नातू पेन्शनचं कार्ड घेऊन जाईल. तर, हा लष्करी तळ आहे, खिडकीतून धावपट्टीचे आणि लढाऊ विमानांचे फोटो काढू नका. समोरच्या एका हौशी माणसाला कर्मचाऱ्याने लगेच टोकलं.

वेळेकडे लक्ष ठेवा. लाउंजमध्ये साधारण तीन तासांची मर्यादा असते आणि ती आत शिरल्यापासून मोजतात. विमान लेट आहे म्हणून घाईने आत शिरायचं नाही, उलट थोडं थांबून शिरायचं. आम्ही पावणेसहाला आत गेलो, म्हणजे पावणेनऊपर्यंत. तशी वेळ आली नाही, कारण देशांतर्गत विमानाचं गेट साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं आणि मी आठलाच आप्पांना उठवलं. आतल्या गोंगाटात घोषणा ऐकू येत नाहीत. तिथला पडदा बघून खात्री वाटेना, म्हणून मी विमान कंपनीच्या ॲपवर बघितलं तर गेट बदललेलं. व्हीलचेअरवाला मुलगा जुन्या गेटवर थांबला होता. त्याचा नंबर घेऊन ठेवला होता म्हणून निभावलं.

नागपूरला उतरलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. मांडवात आप्पांनी निदान वीस जणांना सांगितलं असेल, "दोन रुपयांत जेवलो, सूप धरून." मी गप्प. तिसऱ्या दिवशी पर्समध्ये आवळा सुपारी शोधताना त्यांच्या हाताला माझी पावती लागली. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. रात्री जेवताना विचारलं, "परतीचं तिकीट कधीचं आहे आपलं?"

"तीस तारखेचं, आप्पा."

"तुझ्या पैठणीचा खर्च जानेवारीपासून धरणार ना? आणि माझीही तिमाही एक तारखेलाच उघडते." वाटीतलं वरण भुरकून ते म्हणाले, "तारीख बदलायला किती घेतात, बघ जरा."