त्रिनिदादला निघालेल्या बडोदेकरांसाठी: लस, दालपुरी आणि समुद्रातलं देऊळ

कॅरिबियन म्हटलं की बडोद्यात दोन गोष्टी निघतात, क्रिकेट आणि निळा समुद्र. क्रिकेटचं खरं आहे. १९५३ साली भारताचा पहिला वेस्ट इंडीज दौरा झाला तेव्हा कर्णधार होते बडोद्याकडून खेळणारे विजय हजारे. १९७६ मध्ये त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर ४०३ धावांचं लक्ष्य गाठलं, तेव्हा गावसकरांबरोबर सलामीला अंशुमान गायकवाड उतरले होते. निळ्या समुद्राचं मात्र त्रिनिदादपुरतं खरं नाही. हे बेट व्हेनेझुएलापासून अगदी जवळच्या टोकाला जेमतेम ११ किलोमीटरवर आहे, आणि ओरिनोको नदीचा गाळ इथवर येतो. पश्चिम किनाऱ्यावरचं पाणी मातकट दिसतं, खंबातच्या आखाताची आठवण व्हावी असं. निळ्या पाण्याच्या ओढीने गेलेल्यांचा पहिल्याच दिवशी हिरमोड होतो.

निळं पाणी टोबॅगोला आहे, त्याच देशाच्या धाकट्या बेटावर. त्याला दोन दिवस द्या. बाकीचे दिवस मधल्या आणि दक्षिण त्रिनिदादमधल्या गावांना द्यावेत असं मला ठामपणे वाटतं. चाग्वानास, कुवा, वॉटर्लू, डेबे ही ती गावं. मराठी माणसाला तिथे जे सापडतं ते दुसऱ्या कुठल्या बेटावर सापडणार नाही.

आधी कागदपत्रं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत त्रिनिदादचा व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी एकदा ताडून घ्या. पण भारतातून थेट विमान नाही आणि अडचण येते ती वाटेत. अमेरिकेतून जायचं तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही अमेरिकेचा व्हिसा लागतोच. कॅनडाचंही तेच. लंडनमार्गे जायचं तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचे आणि त्यातल्या सवलतींचे नियम नीट वाचा. स्वस्त तिकीट बघून पैसे भरायचे आणि मग कळायचं की मधल्या थांब्याचा व्हिसा मिळायला महिने लागणार, ही चूक फार होते. म्हणून आधी मार्ग ठरवा, मग तिकीट.

दुसरी गोष्ट पिवळ्या तापाची लस. त्रिनिदादला शिरताना नव्हे, परत येताना ती आडवी येते. भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचा दाखला नसला, तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवस पुरे होईपर्यंत. लस एकदाच घ्यायची, अर्धा मिलिलिटरची, आणि आता ती आयुष्यभर चालते. पण दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतो. निघायच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करून भागत नाही. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, तारखा भरलेल्या असतात, म्हणून दीड-दोन महिने आधी नाव नोंदवा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, किंवा बरोबर साठीच्या पुढचे आई-वडील असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. या वयात दुष्परिणामांचा धोका जास्त असतो, तो हलक्यात घेऊ नये. दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का, हे केंद्रातून निघायच्या आधीच पाहा.

बॅग भरताना दोन गोष्टी. लष्करी ठिपक्यांचे (कॅमोफ्लाज) कपडे, टोपी, पिशवी काही नेऊ नका, अगदी लहान मुलांचेही. त्या देशात ते घालणं बेकायदा आहे. आणि वीज ११५ व्होल्टची, पिना अमेरिकन पद्धतीच्या चपट्या. मोबाइलचा चार्जर चालतो. घरची २३० व्होल्टची किटली मात्र अर्ध्या दाबावर जेमतेम एक चतुर्थांश उष्णता देते, चहाचं पाणी कोमट होऊन बसतं.

फिरण्यासाठी मॅक्सी टॅक्सी, म्हणजे आपल्या शटल रिक्षाचं मोठं रूप. भरली की निघते. कुठे जाते ते गाडीवरच्या पट्ट्याच्या रंगावरून कळतं. लाल पट्टा पूर्वेकडे, हिरवा मध्य आणि दक्षिणेकडे, पिवळा पोर्ट ऑफ स्पेन आणि पश्चिमेकडे. लाल आणि हिरव्या पट्ट्याच्या गाड्या पोर्ट ऑफ स्पेनच्या सिटी गेट स्थानकावरून सुटतात. गावांसाठी मात्र एक दिवस चालकासह गाडी ठरवलेली बरी. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट ‘एच’ने सुरू होते. ‘पी’ असलेल्या खासगी गाडीत भाडं देऊन बसू नका. आणि रात्री पोर्ट ऑफ स्पेनच्या बाजारपेठेत पायी भटकू नका. टोळ्यांची हिंसा हा तिथला खराखुरा प्रश्न आहे, २०२४ च्या डिसेंबरअखेर त्यापायी आणीबाणी जाहीर झाली होती. निघण्याआधी ताज्या सरकारी सूचना वाचा.

आता जेवण. यासाठीच तर जायचं.

३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर घेऊन इथे लागलं. १९१७ पर्यंत १ लाख ४० हजारांहून अधिक माणसं अशी आली, बहुतेक भोजपुरी मुलखातली. मराठी मुलखातून फारसं कोणी गेलं नाही. तरीही तिथल्या पानात मराठी घरात शोभतील असे पदार्थ निघतात.

पहिली दालपुरी. ही म्हणजे तिखटामिठाची पुरणपोळी म्हणा. पिवळ्या वाटाण्याची डाळ हळद घालून उकडतात, पण मऊ होऊ देत नाहीत. दाणा बोटात धरला तर मोडला पाहिजे, लगदा होता कामा नये. मग पाणी पूर्ण निथळून, भाजलेलं जिरं, लसूण आणि मिरची घालून कोरडीच वाटतात. सैल कणकेत (मैदाच असतो) ती भरून, गोळे अर्धा तास झाकून ठेवून, ताटाएवढी लाटतात आणि तव्यावर तेल लावून भाजतात. बिघडायची कारणं पुरणपोळीचीच: डाळ जास्त शिजली की सारण ओलं राहतं आणि पोळी फाटते, कणीक घट्ट झाली की सारण कडेला पोचत नाही. चांगली दालपुरी उलगडली की आतला भुगा भुरभुर खाली पडतो. चिकटून बसला तर दुकान बदला. आत बटाटा-चणा किंवा भोपळ्याची तलकारी मागायची.

दुसरं डबल्स. ते खाल्ल्याशिवाय त्रिनिदाद पाहिलं असं म्हणू नये. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाउनकडे हा पदार्थ सुरू झाला. दोन मऊ तळलेल्या चकत्या आणि त्यांवर काबुली चण्याची पातळसर उसळ. चकतीला ‘बरा’ म्हणतात, आपला वडा-बडा त्यातलाच शब्द. घरी करायचे तर दोन कप मैदा, अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा जिरेपूड, एक चमचा यीस्ट, मीठ आणि साधारण कपभर कोमट पाणी. पीठ हाताला चिकटेल इतकं सैल हवं. तासभर फुगू द्या, तेलाच्या हाताने लिंबाएवढे गोळे करा, तळहाताएवढे थापा आणि कडकडीत तेलात एकेक बाजू दहा-बारा सेकंदच तळा. खरी युक्ती पुढे आहे. काढल्याबरोबर एकावर एक रचून कापडात गुंडाळा, वाफेने ते मऊ पडतात. जास्त वेळ तळलं की पुरी होते आणि डबल्स मोडतं. चण्यावर चिंचेची चटणी, किसलेली काकडी आणि शाडो बेनीची हिरवी चटणी. शाडो बेनी म्हणजे लांब, दातेरी पानांची वनस्पती, वास कोथिंबिरीचा पण दुप्पट उग्र. बडोद्यात कोथिंबिरीवर भागवावं.

तिखटाचं नीट ऐका. विक्रेता विचारतो, ‘पेपर?’ सेव-उसळीत तरी जास्त मागायची सवय असलेला बडोदेकर सहज ‘भरपूर’ म्हणून जातो. म्हणू नका. ‘स्लाइट’ म्हणा. ही मिरची आपल्या लवंगीच्या जातीची नाही. २०१२ मध्ये जगातली सर्वांत तिखट ठरलेली मोरुगा स्कॉर्पियन याच बेटावरच्या मोरुगा गावची. डबल्स सकाळी खायचं, साठा संपला की गाडी बंद. कागद तळहातावर धरून उभ्याउभ्या, वरच्या बऱ्याचा तुकडा तोडून त्याने चणे टिपायचे.

डेबेला रस्त्याच्या कडेला दुकानांची रांग आहे, तिथे सहिना मागा. अळूची पानं, डाळीच्या पिठाचं आवरण, तळलेली. अळूवडी आणि पात्रा दोन्ही खाऊन वाढलेल्या माणसाला ती लगेच ओळखू येते, फक्त ती मधोमध चिरून आत चणे आणि चटणी भरतात. फुलोरी म्हणजे डाळीच्या पिठाची गोल भजी. कुचेला म्हणजे कैरीचा कीस पिळून, उन्हात वाळवून, मोहरीचं तेल आणि ‘अमचार मसाला’ घालून केलेलं लोणचं. ‘कुर्मा’ ऐकून रस्सा मागवाल तर समोर पाकातले शंकरपाळे येतील. वांग्याचा ‘चोका’ म्हणजे भरीत, सकाळी गरम सादा रोटीबरोबर.

शाकाहाऱ्यांनी तीन ठिकाणी सावध राहावं. अळूच्या पानांचं कलालू वरून निर्धोक दिसतं, त्यात बऱ्याचदा खेकडा किंवा खारवलेलं मांस असतं. शिजवलेल्या लाल राजम्यात डुकराचं शेपूट असू शकतं. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. नुसतं ‘व्हेज’ म्हणून थांबू नका. मांस नको, मासे नकोत, अंडं नको, असं एकेक सांगा.

शब्दांची गंमत वेगळीच. तिथली मंडळी आता इंग्रजीच बोलतात, भोजपुरी म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली. पण स्वयंपाकघर आणि नाती यांतून ती गेली नाही. वडिलांचे आई-वडील आजी आणि आजा, आईचे नाना-नानी. काका-काकी आहेत, मामी आहे, मौसी आहे. त्रिनिदादचा तरुण आपल्या वडिलांच्या आईला ‘आजी’ म्हणून हाक मारताना ऐकलं की क्षणभर दांडिया बाजारात असल्यासारखं वाटतं. चवळीच्या शेंगा म्हणजे ‘बोडी’, वांगं ‘बैगन’, आणि डाळीला फोडणी देणं म्हणजे ‘चंके’ करणं. त्यांच्याशी हिंदीत बोलायला जाऊ नका. येत नाही याचं अनेकांना वाईट वाटतं आणि उगाच अवघडलेपण येतं. पदार्थांची नावं पुरेशी आहेत.

वॉटर्लूचं समुद्रातलं देऊळ संध्याकाळी पाहा. शिवदास साधू या ऊसमजुराने १९४७ मध्ये साखर कंपनीच्या जमिनीवर देऊळ बांधलं. ते पाडलं गेलं आणि त्यालाच चौदा दिवसांची कैद झाली. जमिनीवर मनाई, तर समुद्रात बांधीन म्हणाला. सायकलवरून दगड वाहून त्याने ओहोटीच्या चिखलात भर घातली, वर्षानुवर्षं, जवळजवळ एकट्याने. आजचं अष्टकोनी देऊळ १९९५ च्या सुमारास सरकारने नव्याने उभं केलं आणि काठापासून तिथवर वाट बांधली. शेजारीच किनाऱ्यावर दहनभूमी आहे, तिकडे कॅमेरा फिरवू नका. आजूबाजूला ऊस शोधाल तर मिळणार नाही, सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली.

तिथून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर कारापिचैमाचं दत्तात्रेय मंदिर. बाहेरची ८५ फुटी हनुमानाची मूर्ती सगळेच बघतात. पण गरुडेश्वर-नारेश्वरच्या वाऱ्या करणाऱ्या घरांना आतला दत्त भेटणं जास्त मोलाचं. मंदिर म्हैसूरच्या दत्तपीठाचं आहे, त्यामुळे पूजापद्धती दाक्षिणात्य.

जमलं तर दिवाळीला जा. १९६६ पासून ती राष्ट्रीय सुट्टी आहे. तारीख मात्र आपल्या कालनिर्णयावरून ठरवू नका, तिथल्या सरकारने जाहीर केलेली पाहा. वेळ साडेनऊ तास मागे, तिथीचा घोळ होऊ शकतो. आधीच्या काही रात्री चाग्वानासला दिवाळी नगरची जत्रा असते. दिवाळीच्या रात्री चाग्वानासशेजारच्या फेलिसिटी गावात जा. बांबू चिरून, वाकवून त्यांच्या कमानी करतात आणि त्यांवर ओळीने मातीच्या पणत्या. पणतीला तिथे ‘देया’ म्हणतात. पावसाळा असतो, दुपारी सर येऊन जाते, छत्री ठेवा.

उरलेलं थोडक्यात. कॅरोनीच्या खाजणात लाल आयबिस पक्षी संध्याकाळी झाडांवर परततात. होड्या चारच्या सुमारास निघतात, डास भरपूर. ला ब्रेच्या डांबराच्या तळ्यावर वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका, काही जागा मऊ असतात. मार्च ते ऑगस्ट मटुरा आणि ग्राँ रिव्हिएरला लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. परवाना आधी काढा, पांढरा दिवा आणि फ्लॅश बंद. टोबॅगोला विमानाने पंचवीस मिनिटं, बोटीने साडेतीन-चार तास. बोट लागते, गोळी आधी घ्या. पोहता येत नसलं तरी तिथल्या समुद्रातल्या नायलॉन पूल या उथळ जागी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहता येतं. प्रवाळावर पाय ठेवू नका.

परतताना कुचेल्याची बाटली मोठ्या बॅगेत घाला, तेलामुळे ती हातातल्या सामानात अडवतात. आणि लसीचं पिवळं पुस्तक पासपोर्टमध्येच ठेवा, मुंबईला उतरल्यावर आधी तेच दाखवावं लागतं.