उलटी झाली की लगेच ग्लासभर पाणी नको
परवा रात्री लेकीला उलट्या-जुलाब सुरू झाले, मी घाबरून ग्लासभर पाणी पाजलं तर तेही लगेच बाहेर, मग आई फोनवर म्हणाली अगं दहा मिनिटं थांब आणि चमच्या-चमच्याने साखर-मिठाचं पाणी दे. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, बास. मीठ अंदाजाने टाकू नका हं, जास्त झालं तर लहान मुलांना धोका असतो. १९७१ ला पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलराचे कितीतरी पेशंट वाचवले, केवढं मोठं काम! सकाळी तांदळाची पेज दिली, ती टिकली पोटात. लघवी कमी झाली किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर मात्र सरळ डॉक्टरकडे जा.