डोकं खाली

“बसा!” पहारेकऱ्याने नुसती हाताने खूण केली. थायलंडमधल्या अयुथया शहरात, ‘वाट महाथात’ या जुन्या बौद्ध मंदिरात झाडाच्या मुळांत गुरफटलेलं बुद्धाचं मस्तक आहे. फोटो काढायचा तर उकिडवं बसायचं. आपलं डोकं त्याच्या वर नको.

तिसऱ्या वर्गाच्या ट्रेनने आलेलो, सायकल भाड्याची. गुडघे कुरकुरले, पण बसलो.

पुढे मात्र शिर नसलेल्या बुद्धांची रांगच. १७६७ साली बर्मी सैन्याने हे शहर जाळलं. (नाव आपल्या अयोध्येवरूनच बरं का.) शेजारी एक पाटी: मूर्तीच्या मानेवर स्वतःचं डोकं लावून फोटो काढणारा पर्यटक, त्यावर लाल फुली.

ती पाटी दिवसभर डोक्यातून जाईना. लावावी लागली, म्हणजे किती जणांनी हे केलं असेल?